न हललेला आकडा

पिशवी उचलली गेली नाही. एवढंच झालं, बाकी काही नाही. नालवाडीच्या चौकात सूतगिरणीची बस थांबली, चारुता चढली, रोजच्यासारखी उजव्या बाजूच्या खिडकीकडे वळली, आणि सीताबाईच्या शेजारच्या सीटवर ठेवलेली डब्याची पिशवी जागची हलली नाही. सीताबाई अलीकडच्या थांब्यावर चढायची आणि त्या पिशवीनं चारुताची जागा धरून ठेवायची. दिवाळीपासून हे चाललं होतं. चारुता पायरीवर दिसली की पिशवी सीताबाईच्या मांडीवर जायची. "ये वं, बस" म्हणायचीसुद्धा गरज उरली नव्हती. आज सीताबाई खिडकीबाहेर बघत होती. बाहेर मे महिन्यातली सकाळ होती, जिच्याकडे वर्धेतलं कुणी आपखुशीनं बघत नाही. "सीताबाई?" चारुता म्हणाली. सीताबाईनं मान वळवली, तिच्याकडे नीट पाहिलं, आणि परक्या बाईला सांगावं तसं सांगितलं, "मांगं हाय जागा." मागं खरंच जागा होती. तेच जास्त लागलं. बस भरलेली असती तर भांडता तरी आलं असतं.

ती मागच्या चाकावरच्या सीटवर जाऊन बसली. तिथं गुडघे छातीशी येतात आणि रस्त्यातला एकेक खड्डा कण्याला वेगळा कळतो. डोळे भरून आले आणि त्याचाच तिला संताप आला. आर्वीचं घर सोडताना ती रडली नव्हती. सासऱ्यांनी दारात उभं राहून, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "आमच्याकडून काय कमी पडलं ते तरी सांगून जा" म्हटलं, तेव्हाही नाही. आणि आता एका डब्याच्या पिशवीपायी? रस्ता आर्वीचाच होता. गिरणी त्याच रस्त्यावर, अर्ध्या वाटेत. रोज सकाळी बस तिला सासरच्या दिशेनं घेऊन निघायची आणि मध्येच सोडून द्यायची, आणि रोज तिला वाटायचं, की एखाद्या दिवशी ड्रायव्हर गिरणीच्या गेटाशी वळायचं विसरला तर आपण थेट आर्वीच्या डेपोत जाऊन उतरू, जिथं अभिराम, तिचा नवरा, मोटरसायकल घेऊन न्यायला यायचा. यायचा, हे खरंच होतं. भर पावसात यायचा, तिच्यासाठी वेगळा रेनकोट आणायचा. डेपोतल्या बाया म्हणायच्या, नशीब काढलं पोरीनं. मग मोटरसायकल घरी लागायची, रेनकोट खुंटीला जायचा, आणि पुढचे आठ-आठ दिवस त्या घरात तिच्याशी कुणी काही बोलायचं नाही. भांडण म्हणून नाही. भांडण झालं असतं तर बरं. बोलायचं कारणच पडायचं नाही. अभिराम मोबाइल बघायचा, जेवायचा, झोपायचा. ती भिंतीला टेकून बसायची आणि गळ्यात कोरड पडल्यासारखं व्हायचं. पाणी पिऊन जाणारी कोरड नव्हती ती.

पिशवी का उचलली गेली नाही हे तिला ठाऊक होतं, उगाच भाबडेपणाचं सोंग करण्यात अर्थ नव्हता. काल दुपारी गिरणीच्या बोर्डावर नोटीस लागली होती. रिंग फ्रेमच्या, म्हणजे जिथं सूत कातलं जातं त्या खात्यातल्या, तिसऱ्या लायनीवर धागा फार तुटतो. कामगार बाया हलगर्जीपणा करतात. सबब महिनाअखेर त्या लायनीच्या सगळ्या बायांना कामावरून बंद करून तिथं ठेकेदाराच्या नव्या मुली लावण्यात येतील. सीताबाई तिसऱ्या लायनीची. बायांचं म्हणणं एकच होतं, हवा कोरडी आहे. कोरड्या हवेत कापूस ठिसूळ होतो, धागा तुटतो, त्याला त्या काय करणार. नोटिशीच्या शेवटच्या ओळीत याचं उत्तर होतं: "सिस्टिमच्या आकड्यांनुसार खात्यातील हवेतील ओलावा योग्य प्रमाणात आहे." आणि सिस्टिमचे आकडे कोण काढतं हे गिरणीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. काचेच्या केबिनमधली चारुता मॅडम काढते. दिवाळीपासून जिची जागा पिशवीनं धरून ठेवली, ती.

आणि या आकड्यांचा तिला किती अभिमान! आर्वीहून आईच्या घरी आल्यावर तिनं ही नोकरी धरली तेव्हा गिरणीत नवीन सॉफ्टवेअर बसलं होतं. प्रत्येक यंत्रावर सेन्सर, प्रत्येक सेन्सरची नोंद साठवून ठेवणारी सिस्टिम. बसवणारा इंजिनिअर पुण्याचा. पैसे मिळाले आणि त्यानं फोन उचलायचं बंद केलं. साठलेल्या नोंदींतून हवा तो आकडा काढायचा तर एक्स्प्रेशन लिहावं लागतं. एक्स्प्रेशन म्हणजे एका ओळीचं सूत्र: अमक्या सेन्सरच्या, अमक्या वेळेपासून अमक्या वेळेपर्यंतच्या नोंदी घे, त्यांचं असं असं कर, उत्तर दे. हे तिला कुणी शिकवलं नाही. बी.एस्सी.चं पदार्थविज्ञान आणि इंटरनेटवरचे व्हिडिओ, एवढ्या भांडवलावर ती स्वतः शिकली. पहिलं एक्स्प्रेशन चाललं त्या दिवशी तिनं केबिनमध्ये एकटीनं टाळी वाजवली होती. संसारात तिला कशाचंच उत्तर मिळालं नव्हतं. इथं कंस नीट मिटला की उत्तर यायचं. खात्यातल्या ओलाव्याची रोजची सरासरी, हेही तिचंच. रोज मॅनेजरच्या मोबाइलवर जायचं. सत्तावन्न. अठ्ठावन्न. सत्तावन्न. पंचावन्न ते साठ टक्क्यांमध्ये असलं की हवा चांगली. मग बाया का रडतात? तिनं हा प्रश्न एप्रिलभर स्वतःला विचारला नाही. बायका रडतातच, असं तिनंही कुठंतरी धरून घेतलं होतं, आणि आपल्याबद्दल लोक हेच म्हणतात तेव्हा मात्र तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बस गेटातून आत वळली. ड्रायव्हर आजही विसरला नाही. केबिनमध्ये न जाता ती थेट खात्यात गेली, का ते तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित शिक्षा म्हणून. आत शिरलं की पहिल्यांदा कान जातात. शेकडो चात्या, सुताच्या टकळ्या, एकदम फिरत असतात, त्या आवाजाला कान नव्हे, छाती ऐकते. तिथं तोंडानं बोलून उपयोग नाही, म्हणून बाया ओठांनी आणि हातांनी बोलतात. दोन लायनी सोडून उभी असलेली बाई नुसते ओठ हलवून विचारते, भाजी काय आणली, आणि उत्तरही मिळतं. गिरणीबाहेर आल्यावरही त्यांचा आवाज चढलेलाच राहतो, बसमध्ये त्या शेजारणीशी नदीपलीकडच्या माणसाशी बोलावं तशा बोलतात. चारुताला ही ओठांची भाषा थोडी यायला लागली होती. सीताबाईनंच शिकवली. आज ती दोन लायनींच्या मधून चालली तेव्हा एकाही बाईचे ओठ हलले नाहीत. तुटलेले धागे सांधत सगळ्या जणी नुसत्या पुढं-मागं फिरत होत्या. एक सांधला की दुसरा तुटत होता. हवेत रुईचे तंतू होते, ते पापण्यांवर बसत होते, आणि यंत्राजवळून जाताना हातावरचे केस उभे राहत होते. तिला घसा खाकरावासा वाटला. कोरड. एकदम तिला वाटलं, ही कोरड आपल्या ओळखीची आहे, आणि हा विचार तिनं घाईघाईनं झटकला, कारण गिरणीत येऊन आर्वीचं घर आठवायचं नाही असा तिचा नियम होता.

लायनीच्या टोकाला सुपरवायझर गजेंद्रचं टेबल. गजेंद्र देवळीकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, मनानं वाईट नाही, पण खुर्चीवर बसला की खुर्चीचा होणारा. "या मॅडम, या! गर्मी होऊन राह्यली असंन," तो ओरडला आणि त्यानं आपल्या कूलरचं तोंड तिच्याकडे वळवलं. विदर्भात पाहुण्याला आधी पाणी देतात की आधी कूलरपुढं बसवतात, यावर वाद होऊ शकतो. पत्र्याचा मोठा कूलर, वाळ्याच्या ताट्या लावलेला, पाणी टपटपतंय. ओली गार हवा तिच्या मानेवर आली आणि तिनं डोळे मिटले. अंगातली सगळी धुसफूस निवल्यासारखी झाली. छान वाटलं, हे खोटं कशाला सांगा. तिला वाटलं, उगाच कांगावा करतात बाया, इतकी काही वाईट नाही हवा. तिनं डोळे उघडले. समोर खांबावर, टेबलापासून हातभर अंतरावर, पांढरी डबी होती. ओलाव्याचा सेन्सर. वायरचा पाइप तिथून गेलेला म्हणून पुण्याच्या इंजिनिअरनं ती तिथंच ठोकली होती. तेव्हा थंडीचे दिवस होते. कूलर गोदामात पडलेला होता. डबीवर कूलरच्या हवेनं रुईचा एक तंतू लटलट उडत होता. तिच्याच मानेवरच्या बटेसारखा.

"गजेंद्रभाऊ, हा कूलर दिवसभर चालतो?"

"कायचा दिवसभर! मी बसलो का चालते. राउंडले गेलो का बंद. साहेबानं सांगून ठेवलं, लाइट बिल तुमच्या बापाचं नाई म्हणून."

"आणि तुम्ही बसता किती?"

"आता हे घ्या!" गजेंद्र खो खो हसला. "बसतो कुठी मॅडम, बाया बसू देतात का? हे मशीन, थे मशीन. घडीभर आलो, पानी मारलं तोंडावर, का पुन्हा चाल्ले भाऊ."

ती केबिनमध्ये आली. दार लावलं. गेले कित्येक महिने ती रोजचा आकडा बघत होती. आकड्यामागचं चित्र, ती वर-खाली जाणारी रेघ, तिनं क्वचितच उघडली होती. आता उघडली. कालचा दिवस. पडद्यावर सकाळी एक दाट झुडूप होतं, रेघ छप्पन्न ते साठमध्ये सारखी थरथरत होती. मग ती खाली आली, एक्केचाळीसवर, आणि तिथं सरळ आडवी झाली. तासभर आडवी. मग पुन्हा छोटं झुडूप. मग पुन्हा आडवी, याहून लांब. ही आडवी रेघ तिनं पूर्वीही पाहिली होती! एप्रिलमध्ये दोन-तीनदा पाहिली होती, आणि सेन्सर अडकला असणार म्हणून सोडून दिली होती. जो आकडा हलत नाही तो मेलेला, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. आता तिनं त्या रेघेखालच्या नोंदी मोजल्या. सिस्टिम कंजूष असते, हे तिनं व्हिडिओत ऐकलं होतं आणि विसरली होती. आकडा बदलला तरच ती नोंद ठेवते. बदलला नाही तर जागा कशाला अडवा, म्हणून गप्प बसते. कूलर सुरू असतो तेव्हा हवा हलते, आकडा थरथरतो, घडीभरात चाळीस नोंदी होतात. कूलर बंद होतो, आकडा एक्केचाळीसवर येऊन बसतो आणि हलत नाही. त्या अख्ख्या कोरड्या तासाची नोंद एकच. आणि तिचं एक्स्प्रेशन काय करत होतं? सगळ्या नोंदी गोळा कर, बेरीज कर, नोंदींच्या संख्येनं भाग. चाळीस ओल्या, एक कोरडी. सत्तावन्न.

खोटं कुणीच बोललं नव्हतं. सेन्सर खरं बोलत होता, सिस्टिम खरं साठवत होती, बेरीज बरोबर होती. एका माणसाच्या मानेवरची घडीभराची गार हवा अख्ख्या खात्याची हवा ठरली होती, आणि बाकीच्या बायांचा पूर्ण दिवस, तो लांबलचक, कोरडा, न हललेला दिवस, काहीच घडलं नाही म्हणून हिशेबातून गळाला होता. काहीच घडलं नाही! हे शब्द तिनं मनात म्हटले आणि ते ओळखीचे निघाले. "मारत होता का?" आईनं विचारलं होतं, पहिल्याच रात्री, भाकरी तव्यावर ठेवून, पाठमोरी. नाही. "पितो?" नाही. "बाहेर कुठं?" नाही गं आई. "मग? झालं तरी काय?" पद्मा, तिची आई, शाळेत शिक्षिका होती, तिला प्रश्नाला उत्तर लागायचं. चारुता शोधायची, आणि सापडायचं ते भलतंच. महाबळेश्वरची सहल. वाढदिवसाला आणलेली मोरपंखी साडी. नणंदेच्या लग्नात सगळ्यांदेखत त्यानं तिच्या पानात वाढलेली जिलबी. डेपोतला रेनकोट. सगळ्या ओल्या नोंदी, लखलखीत, थरथरत्या. ती स्वतःच त्यांची बेरीज करायची आणि भागायची, आणि उत्तर यायचं, ठीक आहे की. बरा आहे की माणूस. आपलंच काहीतरी बिनसलंय. आणि त्या नोंदींच्या मधली आडवी रेघ? दुपारी दोन ते संध्याकाळी सात, पंखा, भिंत, घड्याळ. रात्री त्याची पाठ. "आज मी चूप राहिले, तुला कळलं का?" असं तिनं एकदा विचारलं होतं, आणि तो खरंच गोंधळून म्हणाला होता, "का, काही झालं का?" त्याच्याकडेही नोंद नव्हती. सहल, साडी, जिलबी: ज्यांच्यापुढं त्याचा कूलर चालायचा ते सगळे शनिवारी येणार होते. त्याचे काका, मावशी, एक वकीलही. समजूत घालायला. आई गेले आठ दिवस विचारत होती, त्यांना काय सांगायचं गं?

तिनं एक्स्प्रेशन पुसलं. नवीन लिहायला घेतलं. प्रत्येक आकडा घे. तो आकडा किती वेळ टिकला ते बघ. आकड्याला त्या वेळेनं गुण. मग बेरीज कर, आणि नोंदींच्या संख्येनं नाही, पूर्ण पाळीच्या वेळेनं भाग. थरथरणाऱ्याला त्याच्या क्षणाइतकंच वजन, मुक्या तासाला तासाचं. लिहायला तसं सोपं होतं. फक्त कंस दोनदा चुकला, कारण डोळ्यांपुढं पाणी येत होतं, आणि हे पाणी सकाळच्यासारखं नव्हतं. तिनं कालचा दिवस टाकला. चव्वेचाळीस. परवाचा. त्रेचाळीस. अख्खा एप्रिल आणि मे तिनं त्या सूत्रातून गाळून काढला. एकही दिवस पन्नासला शिवला नाही. फेब्रुवारी टाकला, कूलरच्या आधीचा. तेव्हा जुनं आणि नवं दोन्ही उत्तरं जवळपास सारखी आली. म्हणजे सूत्र शहाणं होतं. ती उठली. मग बसली. पुन्हा उठली. हे घेऊन गेलं की पहिला प्रश्न येणार होता, मग इतके दिवस चुकीचा आकडा कुणी पाठवला? आणि ही नोकरी गेली तर तिच्यापुढं एकच बस उरत होती, जी अर्ध्यात थांबत नाही.

मॅनेजर कृष्णकांत यांनी कागद हातात न घेता ऐकून घेतलं. शांत माणूस. शांत माणसांची तिला आता धास्तीच बसली होती. "म्हणजे दोन महिने तुम्ही मला चुकीचा रिपोर्ट पाठवला," ते म्हणाले.

"हो. चूक माझी. सूत्र मी लिहिलं."

"आणि आता सूत्र बदललं की बाया निर्दोष? उद्या आणखी एखादं सूत्र लिहाल, मग कापूसच दोषी निघेल."

"सूत्रावर विश्वास ठेवू नका ना सर," तिचा आवाज तिच्याच कानाला अनोळखी लागला, खात्यातल्या बायांसारखा चढलेला. "मोबाइल घ्या आणि माझ्याबरोबर खात्यात चला. कूलर बंद करा. तिथं उभे राहा, दुसरं काही नाही. नुसतं उभं राहायचं."

ते आले. कदाचित उत्सुकतेनं, कदाचित तिला तोंडावर पाडायला. कारण कळलं नाही आणि त्याची गरजही नव्हती. टेबलापाशी गजेंद्र कूलरपुढं शर्टाची वरची बटणं उघडी टाकून बसला होता. साहेब बघून तो एवढ्या झटक्यात उठला की खुर्ची पडली. चारुता वाकली आणि कूलरचं बटण बंद केलं. "अरे बाप्पा! मॅडम, मी काय केलं?" गजेंद्र ओरडला. "गरिबाच्या कूलरवर काऊन आल्या तुम्ही?" कृष्णकांत यांनी मोबाइलवर सेन्सरचा चालू आकडा लावून तो समोर धरला. अठ्ठावन्न. पाण्याचं टपटपणं थांबलं. डबीवर उडणारा रुईचा तंतू हळूच खाली लोंबला. छप्पन्न. साहेबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी रुमाल काढला. बावन्न. आता लायनीतल्या बाया बघायला लागल्या होत्या; हात चालू, माना इकडे. साहेब खात्यात येतात तेव्हा ओरडतात, आणि आज हा माणूस नुसता उभा होता, घाम पुसत, हातातल्या मोबाइलकडे बघत, हे त्यांना नवीन होतं. सत्तेचाळीस. कृष्णकांत यांनी एकदा घसा खाकरला. मग पुन्हा. चारुताला ते खाकरणं ओळखू आलं आणि तिला हसू फुटता फुटता राहिलं. लांबून, चात्यांच्या त्या रणधुमाळीपलीकडून, सीताबाईनं भुवया उचलल्या. ओठ हलले. काय? चारुतानं एक हात वर केला, चार बोटं. मग एक. आकडा तिथं येऊन बसला आणि हलला नाही. साहेब वाट बघत होते, अजून हलेल म्हणून. तो हलला नाही, हलणारही नव्हता. तो काही मेलेला नव्हता, तो तिथं राहत होता. सीताबाईनं त्या बोटांकडे पाहिलं, मग शेजारणीला कोपरानं ढोसलं, आणि ती चार बोटं आणि एक बोट लायनीतून एकीकडून दुसरीकडे सरकत गेली, शेवटच्या यंत्रापर्यंत.

"हवेत ओलावा सोडणाऱ्या प्लांटचे फवारे कधी उघडून साफ केलेत?" कृष्णकांत यांनी गजेंद्रला विचारलं. आवाज कोरडा होता. बरं झालं, तिला वाटलं. "साहेब, थे तं... दसऱ्याले केलते." "आजच उघडा. आणि ही डबी काढा इथून. मधल्या लायनीत लावा, बायांच्या डोक्यावर." मग चारुताकडे न बघता, "नवीन सूत्राचा रिपोर्ट द्या. दोन्ही महिन्यांचा. तुमच्याबद्दल नंतर बोलू." जाताना बोर्डावरची नोटीस त्यांनी स्वतः काढली. फाडली नाही, घडी घालून खिशात ठेवली. साहेब लोक काही फाडत नाहीत, कधीतरी लागेल म्हणून घडी घालून ठेवतात. पण बोर्डावर चार टाचण्या उरल्या आणि त्यांच्यामध्ये रिकामी हिरवी जागा. दुपारच्या सुट्टीत बाया त्या रिकाम्या जागेपुढं उभ्या राहून ती वाचत होत्या.

संध्याकाळची बस. ऊन अजून होतं, पत्रा तापलेला होता. चारुता सगळ्यात शेवटी चढली. माफी कशी मागायची याची तीन-चार वाक्यं तिनं दिवसभरात जुळवली होती आणि पायरीवर पाय ठेवताच ती सगळी पळाली. उजव्या बाजूची खिडकी. सीताबाई. शेजारच्या सीटवर पिशवी. पिशवी जागचीच होती. चारुता मागं जायला निघाली तेव्हा सीताबाईनं पिशवी उचलली, पण आपल्या मांडीवर घेतली नाही. चारुता टेकल्याबरोबर तिच्या मांडीवर ठेवली. "धर. नुसती बसू नको," ती म्हणाली. पिशवीत रिकामा डबा होता आणि गिरणीच्या कुंपणाला लागून असलेल्या झाडाच्या कैऱ्या, उन्हानं कोमट झालेल्या. चारुतानं ती दोन्ही हातांनी धरली. "सीताबाई, ते आकडे... चूक माझीच होती," ती म्हणाली. "माहीत हाय," सीताबाई म्हणाली. "गजू सांगून राह्यलता साऱ्या खात्याले. मले राग आहेच. लय दिवस राहीन. दोन कैऱ्या घेऊन जाजो तुह्या मायसाठी." आणि मग बराच वेळ काहीच नाही. बस वर्धेच्या दिशेनं चालली होती, आर्वी मागं पडत होती, आणि चारुताच्या लक्षात आलं की ही शांतता कोरडी नाही. हिच्यात कैऱ्यांचा वास होता, शेजारच्या खांद्याची ऊब होती, आणि खड्डा आला की दोघींचे हात एकदम पिशवीवर यायचे.

फोन वाजला. आई. बसच्या घरघरीत पद्माचा आवाज लांबून आल्यासारखा. "अगं, त्यांच्या काकांचा फोन आला होता. शनिवारचं नक्की झालं. मी काय सांगू त्यांना? ते विचारणारच, एवढं काय झालं म्हणून."

"काही झालं नाही, आई."

"तेच तर! मग..."

"काही झालं नाही, हेच सांग. दोन-अडीच वर्षं, रोज सकाळपासून रात्रीपर्यंत, काहीच झालं नाही." तिचा आवाज आपसूक खाली गेला होता, घरातल्या गोष्टी खालच्या आवाजात बोलायच्या असतात हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. "सहलीचे चार दिवस होते. साडीचा एक होता. बाकीचे दिवस पण मोजा म्हणावं. ते सगळे मोजायचे, आणि मग सांगायचं मला, बरा होता का ते. मी जात नाही परत."

शिक्षिकेला उत्तर मिळालं की ती लगेच बरोबर म्हणत नाही, आधी तपासते. मग पद्मा म्हणाली, "ऐकू नाही आलं गं नीट. काय म्हणालीस?"

चारुतानं फोन दुसऱ्या कानाला लावला. सीताबाई खिडकीबाहेर बघत होती. बघता बघताच तिनं पिशवीतली कैरी चाचपली, आणि मान न वळवता, त्या गिरणीच्या चढ्या आवाजात, ज्यात सगळ्या बसला सगळं ऐकू जातं, म्हणाली:

"मोठ्यानं सांग नं वं. घाबरतं काऊन? अठी साऱ्या बायाच हायेत."

चारुतानं मोठ्यानं सांगितलं.